लष्करी ट्रकचा दांडा अडतो तेव्हा...

अमेरिकेच्या ग्रामीण भागात वणवा पेटला, की त्याच्याशी झुंजायला अनेकदा स्वयंसेवकांची छोटी अग्निशमन दलेच सर्वप्रथम पोहोचतात. त्यांच्यापैकी कित्येकांकडे असलेला बंब मुळात लष्करी ट्रक असतो. लष्कराच्या वापरातून निघालेली वाहने तेथील वनसेवेच्या योजनेद्वारे अशा दलांना वापरण्यासाठी मिळतात. त्यांच्यावर पाण्याची टाकी आणि पंप बसवला, की चिखल, चढ आणि झाडोरा यांना न जुमानणारा बंब तयार होतो. मात्र ऐन चढावर मागची चाके जागीच फिरू लागली, चालकाने पुढच्या चाकांना ताकद देण्यासाठी दांडा ओढला आणि तो हललाच नाही, तर? मागे टाकीत हजारो लिटर पाणी आणि समोर सरकत येणारी आग, अशा स्थितीत हा प्रश्न केवळ यांत्रिक राहत नाही.

अवजड लष्करी ट्रकमधील ‘ट्रान्सफर केस’ नावाची लोखंडी पेटी हा या प्रश्नाचा केंद्रबिंदू. ती नेमके काय करते, तिचा दांडा का अडतो आणि अनुभवी मेकॅनिक या बिघाडाचा माग कसा काढतो, हे जाणून घेणे उद्‌बोधक आहे. शहरातील ज्या वाचकांनी हौसेने ‘फोर बाय फोर’ गाडी घेतली आहे, त्यांनाही यातील बराचसा भाग उपयोगी पडावा.

ताकदीची वाटणी करणारी पेटी

साध्या ट्रकमध्ये इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून एका लांब शाफ्टद्वारे मागच्या चाकांपर्यंत जाते. पुढची चाके केवळ दिशा देतात. लष्करी ट्रकमध्ये मात्र पुढच्या चाकांनाही ताकद द्यावी लागते. त्यासाठी गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी बसवलेली असते. तीच ट्रान्सफर केस. तिच्यातून एक शाफ्ट मागच्या एक्सलकडे, तर दुसरा पुढच्या एक्सलकडे जातो.

या पेटीकडे साधारणतः दोन कामे असतात. पहिले, पुढचा एक्सल जोडणे किंवा सोडणे. दुसरे, ‘हाय’ आणि ‘लो’ अशा दोन पट्ट्या उपलब्ध करून देणे. ‘लो’मध्ये वेग कमी होतो, परंतु चाकांवरील जोर त्याच प्रमाणात वाढतो. या दोहोंच्या मध्ये ‘न्यूट्रल’ असते. त्या वेळी इंजिन आणि चाके यांचा संबंध पूर्णपणे तुटतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण पुढे तिचा संबंध थेट जिवाशी येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धात जनरल मोटर्सने बनवलेल्या ‘सीसीकेडब्ल्यू’ या अडीच टनी ट्रकने ही रचना जगभर पोहोचवली. असे पाच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले आणि १९४४ मध्ये फ्रान्समध्ये आघाडीवरील सैन्याला इंधन व दारूगोळा पुरवणाऱ्या ‘रेड बॉल एक्स्प्रेस’चा भार प्रामुख्याने त्यांनीच वाहिला. युद्धानंतर १९५० च्या सुमारास ‘रिओ’ कंपनीच्या आराखड्यावर आधारित ‘एम-३५’ हा त्यांचा वारस लष्करात आला. त्याची विविध रूपे पुढे अनेक दशके सेवेत राहिली आणि निवृत्तीनंतर हजारोंच्या संख्येने नागरिकांच्या हाती गेली. ट्रान्सफर केसचे दुखणे समजून घेण्यासाठी हाच ट्रक उत्तम उदाहरण ठरतो. कारण त्यात पुढचा एक्सल जोडण्याच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती आढळतात.

फ्री व्हील आणि हवेचा दाब

पहिल्या पद्धतीत चालकाला काहीच करावे लागत नाही. पेटीत ‘स्प्रॅग’ नावाचा एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. सायकलच्या फ्री व्हीलची आठवण करावी. पायडल मारले की चाक फिरते. पायडल थांबले तरी चाक फिरतच राहते. इथेही तसेच आहे. नेहमीच्या चालीत पुढचा शाफ्ट किंचित अधिक वेगाने मोकळा फिरतो. मागची चाके घसरून जागच्या जागी वेगाने फिरू लागली, की स्प्रॅग पकडतो आणि पुढचा एक्सल आपोआप कामाला लागतो.

यात एक अडचण आहे. ट्रक मागे न्यायचा तर पकडीची दिशा उलटी हवी. म्हणून रिव्हर्स गिअर टाकताच गिअरबॉक्सवरील जोडणी ट्रान्सफर केसमधील स्प्रॅगची दिशाही बदलते. ही जोडणी नीट बसवलेली नसेल, तर ट्रक पुढे निघाला तरी स्प्रॅग रिव्हर्सच्याच बाजूला अडकून राहतो. मग जो पुढचा शाफ्ट मोकळा फिरायचा, तोच जखडला जातो. स्टिअरिंग जड होते, टायर घासतात आणि शाफ्टवर प्रचंड ताण येतो. चालकाला मात्र ‘ट्रक आज ओढत नाही’ एवढेच जाणवते.

दुसऱ्या, नंतरच्या पद्धतीत डॅशबोर्डवर एक छोटी कळ असते. ती फिरवली की ब्रेकसाठी साठवलेली हवा नळीतून ट्रान्सफर केसपर्यंत जाते आणि आतील क्लच ढकलून पुढचा एक्सल जोडते. कळ परत फिरवली की हवा बाहेर पडते आणि स्प्रिंग क्लचला मागे खेचते. चालकाच्या दृष्टीने ही पद्धत सोपी. पण आता हवेची प्रत्येक नळी, प्रत्येक सांधा आणि प्रत्येक रबरी रिंग बिघाडाची संभाव्य जागा बनते.

‘हाय’ आणि ‘लो’ बदलण्यासाठी मात्र दोन्हींत जुना, हाताने ओढायचा दांडाच असतो.

दांड्यात नव्हे, शाफ्टमध्ये पीळ!

जोडलेला पुढचा एक्सल सुटत नाही, ही या प्रकारच्या वाहनांबाबतची नेहमीची तक्रार. अननुभवी माणूस लगेच पेटी उघडायला निघतो. प्रत्यक्षात पुष्कळदा पेटीत काहीच बिघडलेले नसते. बिघाड भूमितीत असतो.

वळण घेताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधील अंतर चार मीटर असलेला दोन एक्सलचा ट्रक घ्या. त्याचा मागचा एक्सल दहा मीटर त्रिज्येच्या वळणावरून जात असेल, तर पुढचा एक्सल सुमारे १०.७७ मीटर त्रिज्येवरून जातो. काटकोनात वळेपर्यंत मागची चाके सुमारे १५.७ मीटर आणि पुढची सुमारे १६.९ मीटर चालतात. हा फरक एक मीटरहून अधिक झाला. परंतु ट्रान्सफर केसने दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले असल्याने त्यांना सारख्याच वेगाने फिरावे लागते. मातीत किंवा चिखलात टायर थोडे घसरतात आणि हिशेब चुकता होतो. डांबरी किंवा काँक्रीटच्या कोरड्या रस्त्यावर टायर घसरत नाहीत. मग ओला कपडा पिळावा, तसा पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठत जातो. या पिळामुळे आतील दांते एकमेकांवर इतक्या जोराने दाबले जातात, की स्प्रिंगच्या किंवा हाताच्या बळाने कॉलर सरकतच नाही.

टायर असमान असतील तर सरळ रस्त्यावरही हेच घडते. मागे ४२ इंच व्यासाचे नवे टायर आणि पुढे झिजून ४१ इंचांवर आलेले जुने टायर असतील, तर फरक सुमारे २.४ टक्क्यांचा. म्हणजे किलोमीटरमागे तब्बल २४ मीटर! एवढे अंतर कुठे तरी घासून किंवा पिळून भरून निघणार, हे उघड आहे. त्यामुळे अनुभवी मेकॅनिक हातोडी उचलण्याआधी फूटपट्टी उचलतो. टायरचा घेर मोजतो, त्यांतील हवा तपासतो.

पीळ उतरवण्याचा उपायही साधा आहे. ट्रक सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावा किंवा मऊ मातीवर न्यावा. ताण सुटला, की अडलेला क्लच ‘खट्’ आवाज करून आपोआप मोकळा होतो. तसे झाले, तर पेटी निर्दोष आहे आणि चालकाने कठीण रस्त्यावर पुढचा एक्सल जोडून ठेवला होता, किंवा टायर बेजोड आहेत, असा निष्कर्ष काढायला हरकत नाही.

आधी चालक, मग यंत्र

‘हाय’मधून ‘लो’मध्ये दांडा जात नसेल, तर पहिला संशय पद्धतीवर घ्यावा लागतो. मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये दोन गिअरचे वेग जुळवून देणारी सोय असते. या जुन्या ट्रान्सफर केसमध्ये तसे काही नसते. सरकती कॉलर आणि चौकोनी दांते समोरासमोर येतात. खाच सापडली तर बसतात, नाही तर करकरतात. म्हणूनच ट्रक पूर्ण थांबवून, गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवून, मगच दांडा बदलायचा असतो. दाता दात्यावर आला, तर जोर लावण्यात अर्थ नसतो. दांडा परत घेऊन क्लच हलकासा सोडून गिअर किंचित फिरू द्यावा आणि पुन्हा प्रयत्न करावा.

‘एम-९३९’ या पाच टनी ट्रकसारख्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या वाहनांत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्समधील तेलाच्या ओढीने बाहेरचा शाफ्ट थोडा फिरत राहू शकतो. त्यामुळे न्यूट्रल टाकल्यावर क्षणभर थांबणे आणि इंजिन मंद चालीवर येऊ देणे आवश्यक ठरते. घाई केली, की दांते घासले जातात. आजची घाई काही महिन्यांनी ‘लो’मधून निसटणाऱ्या गिअरच्या रूपाने समोर येते.

हवा जाते कुठे?

पद्धत बरोबर असूनही पुढचा एक्सल जोडला जात नसेल, तर हवेवर चालणाऱ्या प्रकारात तपासणीची दिशा ठरलेली असते. उगमापासून शेवटापर्यंत.

सर्वप्रथम दाबाचा काटा पाहायचा. एम-३५ मध्ये ब्रेकला साहाय्य करण्यापासून काचेवरचे वायपर हलवण्यापर्यंत अनेक कामे याच हवेवर चालतात. टाकीतच दाब नसेल, तर ट्रान्सफर केसला दोष देण्यात अर्थ नाही. दाब पुरेसा असेल, तर कळ फिरवून ट्रान्सफर केसजवळची नळी सोडून पाहायची. तिथे हवा येत नसेल, तर दोष कळ किंवा नळी यांच्यात आहे. गळती शोधण्यासाठी पंक्चरवाल्याची युक्ती पुरेशी ठरते. सांध्यांना साबणाचे पाणी लावावे आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहावे.

हवा पेटीपर्यंत येते, पण क्लच हलत नाही, असे आढळले तर आतली रबरी रिंग किंवा पडदा फाटल्याची शक्यता असते. त्याची एक खूण बाहेरूनच दिसते. फाटलेल्या जागेतून हवा पेटीत शिरते, आत दाब वाढतो आणि सीलमधून किंवा श्वास घेण्याच्या छिद्रातून तेल बाहेर येऊ लागते. तेल गळते म्हणून सील बदलायचे आणि आठवड्याने पुन्हा गळाले म्हणून पुन्हा बदलायचे, हा खर्च मूळ कारण न शोधल्यामुळे होतो.

एक्सल जोडला जातो, पण सुटत नाही, असे असेल तर उलट बाजूने विचार करावा लागतो. पीळ नसल्याची खात्री झाली, की कळ बंद केल्यावर हवा खरोखर बाहेर पडते का, ते ऐकायचे. चिखलाने बुजलेले निकासाचे छिद्र हवा अडवून धरते. थंड आणि उंच प्रदेशात आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे पाणी. हवेतील बाष्प टाकीत साचते आणि तापमान शून्याखाली गेले, की नळीत बर्फ होऊन बसते. टाकीखालचा कॉक उघडून रोज पाणी काढण्याचा कंटाळवाणा नियम याचसाठी असतो.

बिघाडाचे दोन तुकडे

हाताने चालणाऱ्या दांड्याबाबत जुने मेकॅनिक एक सोपी कसोटी वापरतात. केबिनमधून आलेली सळई ट्रान्सफर केसजवळ पिन काढून सोडवायची आणि पेटीवरचा छोटा दांडा थेट हाताने हलवायचा. तो सहज आणि ठसठशीत ‘खट्’ आवाजासह जागेवर बसला, तर पेटी ठीक आहे. दोष बाहेर आहे. तो हाताने देखील हलत नसेल, तर दोष आत आहे. पाच मिनिटांच्या या कामाने बिघाडाचे क्षेत्र निम्म्यावर येते.

बाहेरचे दोष स्वस्त असतात. गंजलेला सांधा, झिजलेली पिन, वाकलेली सळई, वाळून दगड झालेला चिखल. इंजिन किंवा पेटीखालची रबरे बसली, की पेटीची जागा काही मिलिमीटरने बदलते आणि सळईची लांबी चुकते. अशा वेळी दांडा केबिनच्या फटीला टेकतो आणि चालकाला वाटते, गिअर पूर्ण बसला. प्रत्यक्षात दांते अर्धेच गुंतलेले असतात. भार आला, की कॉलर निसटते. म्हणून सळईची लांबी केबिनमधील दांड्याच्या खुणेवर नव्हे, तर पेटीतील कॉलर दोन्ही टोकांना पूर्ण बसते की नाही, यावर ठरवायची असते.

आतले दोष महाग असतात. कॉलर सरकवणारा फोर्क वाकणे, गिअरला जागेवर धरणारी गोळी व स्प्रिंग कमजोर होणे, दात्यांच्या कडा गोल होणे, बेअरिंग झिजून शाफ्ट मागेपुढे हलणे. पेटी उघडण्यापूर्वी तेल काढून पाहणे शहाणपणाचे. तेल दुधाळ असेल, तर पाणी शिरले आहे. खोल पाण्यातून ट्रक गेल्यावर हे हमखास तपासावे. कारण तापलेली पेटी पाण्यात एकदम थंड झाली, की आतली हवा आकसते आणि खराब सीलमधून पाणी ओढले जाते. तेलात चमकणारा बारीक चुरा थोडा असेल, तर ती झीज. धातूचे तुकडे असतील, तर मात्र ट्रक तिथेच उभा करणे इष्ट.

डॅशबोर्डवरील दिवाही पुरावा मानू नये. तो एका छोट्या स्विचवर चालतो आणि स्विच खोटे बोलू शकतो. खरी साक्ष पुढच्या शाफ्टची.

जिवावर बेतणारी चूक

या दुरुस्तीत यंत्रापेक्षा माणसाला असलेला धोका मोठा आहे. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल, तर गिअर टाकून ठेवलेला ट्रकही उतारावरून निघून जाऊ शकतो. कारण गिअरबॉक्स आणि चाके यांच्यातला दुवाच सुटलेला असतो. पेटीखाली झोपून कुणी दांडा हलवला आणि कॉलर मोकळी झाली, की काही टन वजन हलते.

एम-३५ चा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागील बाजूस असतो आणि तो शाफ्टमार्फत मागच्या चाकांना धरतो. पेटी न्यूट्रलमध्ये असली, तरी तो काम करतो, ही जमेची बाजू. मात्र दुरुस्तीसाठी तोच मागचा शाफ्ट सोडवला, की हँडब्रेक ओढलेला असूनही निरुपयोगी ठरतो! म्हणून काम सुरू करण्यापूर्वी सपाट जागा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम ठोकळे, याला पर्याय नाही.

स्प्रॅगच्या ट्रकमध्ये आणखी एक सापळा आहे. मागची चाके जॅकवर उचलून इंजिन चालू करून गिअर टाकला, तर मोकळी चाके वेगाने फिरतात. पेटीला वाटते, चाके घसरत आहेत. ती आपले काम चोख बजावते, पुढचा एक्सल जोडते आणि जमिनीवर टेकलेली पुढची चाके ट्रकला जॅकवरून खेचून नेतात. इथे यंत्र बिघडलेले नसते. ते बिघडलेले नसल्यामुळेच अपघात होतो.

आपल्या अंगणात

भारतीय लष्कराला हा विषय नवा नाही. जबलपूरमध्ये १९५९ पासून तयार झालेला ‘शक्तिमान’, त्यानंतर आलेला ‘स्टॅलियन’ हे सर्व चाकांना ताकद देणारे ट्रक लष्कराच्या वाहतुकीचा कणा राहिले. लष्करी वाहनांच्या विकासाचे आणि चाचण्यांचे काम करणारी ‘व्हीआरडीई’ ही संस्था तर महाराष्ट्रातच, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे आहे. आणि २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगलीला महापुराने वेढले, तेव्हा मदतीला लष्कराचे जवान धावून आले होते, हे त्या भागातील नागरिक विसरलेले नाहीत.

नागरी वाहनांचे नातेही जुने आहे. मुंबईत चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून हा दुसरा दांडा आपल्या परिचयाचा आहे. आजच्या ‘थार’मध्येही तो टू-एच, फोर-एच, एन आणि फोर-एल या खुणांसह दिसतो. त्यातील एन म्हणजे न्यूट्रल, आणि वर सांगितलेला धोका तिथेही तसाच आहे. हौसेखातर कोरड्या द्रुतगती मार्गावर फोर-एच लावून फिरणाऱ्यांनी शाफ्टमधल्या पिळाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. चार चाकांची ताकद दाखवण्यासाठी नसून अडचणीतून निघण्यासाठी असते.

अडलेल्या दांड्याला जोर लावणे ही माणसाची सहजप्रवृत्ती. मात्र ट्रान्सफर केस नेमकी उलटी सवय शिकवते. थांबा, ताण सोडा, उगमापासून तपासा आणि मगच पाना हातात घ्या. वणव्यासमोर उभ्या असलेल्या बंबाच्या चालकाला त्या क्षणी एवढा वेळ मिळत नाही. तो वेळ आधीच, शांततेच्या दिवसांत, कुणी तरी गॅरेजमध्ये खर्च केलेला असावा लागतो.